भरतीचं घड्याळ

मला राग लवकर येतो, आणि आला की मी तो वाया घालवत नाही. महापालिकेच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवते आहे, लग्न केलेलं नाही, त्यामुळे भांडायला माझ्याकडे वेळही असतो. तरी १९९२च्या ऑक्टोबरात जे भांडण काढलं, त्याचा असा शेवट होईल हे माझ्या गणितात नव्हतं.

झालं असं. आमच्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या बुद्धिबळ मंडळाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मंडळाच्या भिंतीवर सगळ्या विजेत्यांच्या नावांचा फलक रंगवायचं ठरलं. मजकुराचा कागद दाराला लावला होता. बाजारातून येताना मी तो वाचला. पहिलं वर्ष होतं १९६८. त्याच्या वर बारीक अक्षरात एक ओळ होती: 'त्यापूर्वी पारंपरिक पद्धतीचे सामने होत. नोंद नाही.'

नोंद नाही! १९५७ ते १९६७, सलग अकरा वर्षं ही स्पर्धा माझ्या वडिलांनी जिंकली. मंडळ नव्हतं तेव्हा ती खाडीच्या बंदरावर व्हायची, दगडी धक्क्यावर पट मांडून. 'दामाजीसमोर बसू नको, चहा पण हरशील' असं लोक म्हणायचे. मी लहानपणी या अकरा वर्षांवर इतकी ऐट केली आहे की वर्गातल्या मुली माझ्याशी बोलायच्या थांबल्या होत्या. आणि आता नोंद नाही. पिशवीतले बोंबील तसेच घेऊन मी आत कमिटीच्या मीटिंगमध्ये शिरले.

आत नेहमीचाच वाद रंगला होता. त्या दिवसांत बॉबी फिशर वीस वर्षांनी पुन्हा स्पास्कीसमोर पटावर बसला होता, पेपरात रोज त्याचा डाव यायचा, आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी फिशर थोर की कास्पारोव्ह यावर दोन तट पडायचे. ज्यांना मुलाला शाळेत घालताना बायकोशी एकमत करता येत नाही, ते जगज्जेत्यांची क्रमवारी लावत होते.

"पोपटराव," मी म्हटलं, "माझ्या वडिलांची अकरा वर्षं कुठं गेली?"

पोपटराव म्हणजे मंडळाचे चिटणीस. बँकेतून निवृत्त झालेले, शुद्ध बोलणारे, आणि नियमाचं पुस्तक उशाला घेऊन झोपत असावेत असा माझा संशय आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मालूताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ते बुद्धिबळच वेगळं होतं हो. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता. आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा! राजाला, उडी!"

"त्या राजाला पाय होते. तुमचा राजा पाचव्या खेळीला हत्तीच्या मागं जाऊन लपतो."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पोपटरावांनी चष्मा परत घातला. "बरं, नियम सोडा. घड्याळ कुठं होतं? एकेका खेळीला माणूस किती वेळ बसला, काही हिशोब? आजचा खेळाडू टिकटिक ऐकत खेळतो. तुलनाच होऊ शकत नाही."

"घड्याळ होतं," मी म्हटलं. "भरतीचं."

हे मला तोंडपाठ होतं, कारण बाबांच्या काळची ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली होती. अंतिम सामना रविवारी ओहोटीला सुरू व्हायचा. तेव्हा खेळणाऱ्यांच्या होड्या बंदराखालच्या चिखलात बसलेल्या असायच्या. पाणी चढलं आणि तुमची होडी चिखलातून उचलली, की तुम्हाला उठून जाळं टाकायला जावंच लागायचं, नाहीतर तो दिवस फुकट. आणि जो पटावरून उठला, तो हरला. कुणाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, पण खाडी कुणासाठी थांबत नसे. शेवटच्या सामन्यात दर वर्षी बाबांसमोर असायचे गोमाजीकाका, त्यांचे जिवलग. ते गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. गोमाजीकाका भले मोठे खेळाडू, पण बाबांना एकदाही हरवू शकले नाहीत.

"वा, भरतीचं घड्याळ," उत्तम म्हणाला. तो चिडवत नव्हता, त्याला खरंच आवडलं होतं. उत्तम आमचा चालू विजेता, सलग आठ वर्षं. डोंबिवलीत राहतो, मानपाड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि रशियन डावांची पुस्तकं जेवताना वाचतो. "पण ताई, पोपटराव म्हणतात ते पण खरंय. दोन वेगळ्या काळातले लोक कंपेअर कसे करणार? तो जुना कापाब्लांका आणि आजचा कास्पारोव्ह, यांना समोरासमोर कोण बसवणार?"

"मेलेल्यांचं राहू दे रे. जिवंत माणसाचं बोल. आणि कास्पारोव्हचं तूच सांगू नको. मेमधल्या फायनलमध्ये एकविसाव्या खेळीला तू वजीर घेतलास. घोड्यानं शह दिला असतास तर तीन खेळ्यांत मात होती."

उत्तम छताकडे बघून हवेत बोटं हलवायला लागला. मग बोटं थांबली. "च्यायला. हो की! तुम्ही कुठून बघितलंत?"

"खिडकीतून. मार्केटमधून येत होते."

"तुम्ही खेळत का नाही पण?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्या खोलीत बायका वर्षातून एकदा हळदीकुंकवाला यायच्या, तेव्हा पट कपाटावर ठेवलेले असायचे. पोपटराव खाकरले आणि म्हणाले की आपण विषयावर येऊ, फिशर बघा, वीस वर्षांनी खेळतोच आहे ना, खरी गुणवत्ता असेल तर कधीही दिसते.

त्यांनी ते सहज म्हटलं, पण मला तेवढंच हवं होतं. "मग माझा बाप पंचवीस वर्षांनी खेळेल. बसवा उत्तमला समोर. बंदरावर, भरतीच्या घड्याळावर. जिंकले तर अकरा वर्षं फलकावर चढतील."

"आणि हरले तर?"

"तर मी या दारात परत पाय ठेवणार नाही."

"हळदीकुंकवालासुद्धा?" पोपटरावांनी आशेनं विचारलं.

नियमांवर अर्धा तास घासाघीस झाली. दामाजी नवे नियम शिकणार नाहीत, उत्तम जुने खेळणार नाही. शेवटी असं ठरलं की ज्यानं त्यानं आपापल्या काळाचे नियम पाळावेत. उत्तमची प्यादी दोन घरं चालतील, बाबांची एक. उत्तम किल्लेकोट करील, बाबांचा राजा उडी मारील. एकाच पटावर दोन कायदे. असला निवाडा फक्त आमच्याच मंडळात होऊ शकतो. पोपटरावांनी तो नोंदवहीत लिहिला आणि डोळे मिटून सही केली.

घरी बाबा ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत बसले होते. बहात्तर वर्षांचे, पण डोळा अजून असा की जवळ्यातला केस काढतील. मी सगळं सांगितलं. प्याद्यांचं ऐकून हसले, उडीचं ऐकून मान डोलावली. भरतीचं सांगितलं तेव्हा सुपातला हात थांबला.

"भरतीवर कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचंच घड्याळ ते!"

"मना नाय खेलायचा," बाबा म्हणाले. "लिवलं नाय तर नाय लिवलं. भितीवर नाव लागून कंचा मोक्ष मिलतो?"

मला वाटलं म्हातारा घाबरला. वाईटही वाटलं आणि रागही आला, आणि माझ्यात ही दोन्ही एकत्र आली की राग आधी बोलतो. मी म्हटलं, रोज संध्याकाळी माझ्याशी खेळताना तुमची अक्कल शाबूत असते, मग त्या डोंबिवलीकरासमोर काय होतंय? उद्या लोक म्हणतील दामाजीनं अकरा वर्षं गप्पाच मारल्या.

बाबांनी जवळ्यातला एक केस काढून फेकला. "बरा. खेलतो. पन आवडाला सांग यायला."

आवडाकाकी म्हणजे गोमाजीकाकांची बायको. "तिला कशाला? ती तोंड सोडेल."

"म्हनूनच सांग," बाबा म्हणाले.

रविवारी बंदरावर जत्रा भरली. धक्क्यावर सतरंजी, सतरंजीवर पट, पटाच्या एका अंगाला पोपटराव नोंदवही घेऊन. खाली चिखलात एकच होडी बसलेली, गोमाजीकाकांच्या मुलाची, भिवाजीची. पूर्वी तिथं तीस होड्या असत. आता खाडीत कारखान्यांचं पाणी आल्यापासून मासळी मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून आणावी लागते. आवडाकाकी आपली टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. सत्तरीची बाई, पण नाकातली नथ आणि जिभेवरची धार दोन्ही जागच्या जागी.

ती भिवाजीची होडी उत्तमच्या नावानं बांधायची असं ठरलं. पोपटरावांनी विचारलं, "आणि दामाजीकाका, तुमची होडी?"

"माजी लागत नाय," बाबा म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा आत्मविश्वास! मीही वाजवल्या. आवडाकाकी तेवढी वाजवत नव्हती, पण तिच्या हाताला मासळीचं पाणी लागलेलं असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

उत्तम रजा काढून, तयारीनं आला होता. त्याच्याकडे पेपरातलं कात्रण होतं, भरती-ओहोटीच्या वेळांचं. "पाणी दोन वाजून दहा मिनिटांनी फुल्ल," तो मला म्हणाला. "म्हणजे होडी सव्वा वाजता उचलेल. तेवढ्यात मी काकांना आवरतो."

बाबांनी ऐकलं. "ती ममईची भरती, पोरा. पेपरवाला ममईत बसतो. ठान्याला यायला तिला वाट चालाया लागते. पावन तास धर वर." आणि उत्तमनं कात्रण खिशात ठेवलं. खरं तर हे बाबांनी सांगायला नको होतं. त्याला चुकीच्या वेळेवर खेळू द्यायचं, की झालं. पण माझा बाप असाच आहे, समोरच्याला त्याची चूक दाखवल्याशिवाय त्याला जिंकल्यासारखं वाटत नाही.

उत्तमनं पहिलीच खेळी केली, राजापुढचं प्यादं दोन घरं. बाबा गंभीरपणे म्हणाले, "याला डबल पगार हाय काय?" मग त्यांनी आपलं प्यादं एक घर सरकवलं, अगदी मान राखून. लोक खूश. पण अर्ध्या तासात डाव फिरायला लागला. उत्तम खरंच चांगला खेळत होता. त्याची मोहरी भराभरा बाहेर आली, त्यानं किल्लेकोट केला ("लपला! लपला!" लोक ओरडले), आणि बाबांच्या राजाभोवती फास आवळत आणला. पुढच्या खेळीला शह, त्याच्या पुढच्या खेळीला मात. बाबांनी डोकं खाजवलं, राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला.

बंदरावर जो आवाज झाला तो कळव्याच्या पुलापर्यंत गेला असेल. उत्तम पटाकडे बघतच राहिला. आठ वर्षांत त्याच्यासमोर कुणाचा राजा असा उडाला नव्हता. "काय सुंदर आहे हे," तो म्हणाला. पोपटरावांनी नोंदवहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि शेवटी नुसतं 'उडी' लिहिलं.

पण उडी एकदाच. हळूहळू उत्तमनं बाबांचा एक हत्ती खाल्ला. मी मनात मोजत होते. डाव गेला होता. चार खेळ्यांत मात दिसत होती मला, आणि मी ती पुटपुटलेही असेन, कारण उत्तमनं एकदा चमकून माझ्याकडे पाहिलं. आता एकच आशा होती, पाणी. मी आयुष्यात देवाला फारसं काही मागितलेलं नाही, पण त्या दिवशी खाडीकडे टक लावून मी म्हणत होते, ये गं बाई, चढ लवकर.

आणि ती चढली. आधी चिखलावर चकाकी आली, मग होडीच्या कडेनं पाणी फिरलं. होडी एकदा कुरकुरली, डावीकडे कलली, आणि अल्लद वर आली. मुंबईच्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा, बाबांनी सांगितल्याप्रमाणे.

"उचलली!" सगळा कोळीवाडा ओरडला. "उत्तम, उठ!"

उत्तमनं पटाकडे पाहिलं. एक हत्ती वर, डाव हातात, आणि उठायचं. पण ठरलं ते ठरलं. पोरगा सज्जन आहे. तो हसला, उठला, आणि वाकून बाबांशी हात मिळवला. "जिंकलात काका." पोपटराव नाराजीनं लिहायला लागले. भिवाजीनं मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. अकरा वर्षं फलकावर! मी बाबांकडे धावले.

"परत तसाच जिकलास, दामाजी," मागून आवडाकाकी म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण बाबांनी उत्तमचा हात सोडला नाही. "बस," ते त्याला म्हणाले. "खाली बस. डाव संपला नाय."

"काका, पण होडी..."

"तुजी होडी उचलली. माजी का नाय उचलली? इचार ना." कोणी विचारलं नाही, तेव्हा बाबांनीच सांगितलं. "मना होडीच नव्हती. मी गिरनीत कामाला. रविवार मना सुट्टी. पानी चढो की उतरो, मना कंय जायाचाच नव्हता. बाकी सगल्यांला घड्याल होता. मना नव्हता."

मला हे माहीत होतं, हो. बाबा कोळीवाड्यातून गिरणीत गेलेले पहिले, हे मी अभिमानानं सांगायचे. ज्याची होडी उचलली तो हरला, हेही अभिमानानंच सांगायचे. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात पस्तीस वर्षं शेजारी राहत होत्या आणि त्यांची कधी ओळख झाली नव्हती. गणिताची बाई मी. मला तिथल्या तिथं लाज वाटली.

"गोम्या सात वरसा माज्या वर होता," बाबा म्हणाले. "सात वरसा! असाच, या पोरावानी. होडी उचलली की हसायचा आनि उठायचा. बोलायचा, पोरांना खायला घालून येतो, तुज्या राजाला मंग बघतो. मी त्याला एकदा बी बोललो नाय, की गोम्या, तू जाऊन ये, पट हितंच हाय." त्यांनी उत्तमचा हात सोडला. "येवडा एक वाक्य. अकरा वरसात नाय जमला."

आवडाकाकी टोपलीवरून उठली. मला वाटलं आता ही म्हाताऱ्याला धुऊन काढणार. तिनं पदरानं हात पुसले, पटाशी आली आणि वाकून बघितलं. "खेला आता. सांच्याला मना बाजारात बसायचाय."

डाव पुढे सुरू झाला. होडी पाण्यावर डुलत होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. उत्तमला चारची मात दिसली नाही, नऊ खेळ्या लागल्या, पण लागली. बाबांनी स्वतःचा राजा आडवा केला आणि श्वास सोडला. "बरा झाला," ते म्हणाले. "पयल्यांदा भरतीला हरलो." मग पोपटरावांकडे वळले. "त्या भितीवर गोमाजीचा नाव लिवा."

"काही नको," आवडाकाकी म्हणाली. "तो उठला तो आपल्या मरजीनं उठला. पाच तोंडा होती घरात. त्याला ठावं होता, तो उठला की तू जिकनार. त्याचा दुख त्यानं नाय केला, तू कशाला करतंस? आनि तू काय खेलत नव्हतास? चार वरसा तर तूच वर होतास, मीच बघितलाय. तुजा बी नाव खोटा नाय. झाला तसा लिवा."

झालं तसं म्हणजे कसं, यावर कमिटीनं तीन बैठका घेतल्या. वाट काढली ती महिपत पेंटरनं. महिपत मूळचा खोपटच्या डेपोत एस.टी.च्या पाट्या रंगवणारा. हातात ब्रश घेऊन कंटाळून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं पनवेलची गाडी दोन रस्त्यांनी जाते. पोचते पनवेललाच, पण लोकांना कळायला पायजे ना कुठून गेली. म्हणून आम्ही लिहितो, पनवेल, कंसात शीळफाटा मार्गे. तुम्ही पण कंस टाका."

आणि महिपतनं लिहिलं, एस.टी.च्या ठसठशीत पिवळ्या अक्षरांत:

१९५७ ते १९६७ : दामाजी (गोमाजीची होडी उचलली म्हणून)

आवडाकाकीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिनं गोमाजी कुठं लिहिलंय ते विचारलं, त्या अक्षरांवर लांबून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "रंग ओला हाय काय?" घरी जाताना बाबा आज सुक्या कोळंबीचे सोडे कर म्हणाले, ते गोमाजीकाकांना फार आवडायचे.

खरा घोळ नंतर झाला. तो कंस सगळ्यांना चावायला लागला. ७१ सालचे विजेते स्वतः आले आणि म्हणाले, आमच्याही नावापुढं लिहा, त्या वर्षी आमच्या समोरच्याला कांजिण्या होत्या. ७८च्या विजेत्याचा प्रतिस्पर्धी आखातात नोकरीला गेला होता. एकानं तर 'मी खरंच चांगला खेळलो' असा कंस मागितला, तो पोपटरावांनी नाकारला. पोपटराव म्हणत होते, जगात कुठल्याही विजेत्यांच्या फलकावर असं नसतं. मी म्हटलं, म्हणूनच जगात फिशर थोर की कास्पारोव्ह यावर अजून भांडतात. कोण कोण समोर आलंच नाही, ते कुठंच लिहिलेलं नसतं.

शेवटी महिपत उत्तमच्या ओळीपाशी आला. १९८५ ते १९९२ : उत्तम. "तुमचा कंस?" त्यानं विचारलं.

उत्तमनं खिशात हात घालून बराच वेळ विचार केला. घड्याळ नव्हतं, म्हणून करू शकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही. मालूताईंना कोणी विचारलं नाही म्हणून."

महिपतनं ब्रश बुडवला आणि लिहायला घेतलं. पोपटरावांनी नोंदवही मिटली. वीस वर्षांत मी वर्गात कधी डोळे पुसलेले नाहीत, पण त्या दिवशी टर्पेंटाइनच्या वासाचं निमित्त होतं, ते मी घेतलं. रागावायला काहीच शिल्लक नव्हतं, आणि अशा वेळी काय करतात हे मला येत नाही.

"आता विचारतो," उत्तम म्हणाला. "खेळाल?"

"तारीख मी ठरवणार," मी म्हटलं.

आणि ठरवली. मानपाड्याच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, ऑफिसांना रविवारी, आणि होड्यांना सुट्टीच नसते. वर्षात एकच दिवस असा सापडला की सगळे मोकळे: शिमग्यातला धुळवडीचा. तेव्हा आमच्याकडे सगळ्या होड्या किनाऱ्याला असतात, कुणी खाडीत जात नाही. फायनल त्या दिवशी ठेवली. खेळणाऱ्यांची तोंडं रंगलेली, पोपटरावांचा चष्मा हिरवा, आणि धक्क्याखाली भिवाजीची होडी पताका लावून नुसतीच बांधलेली. भरती आली, होडी उचलली, आणि कोणी उठलं नाही. मी आणि उत्तम साडेचार तास बसलो होतो. बाबा आवडाकाकीच्या टोपलीशेजारी मांडी घालून बघत होते आणि दोघं एकमेकांना चुकीच्या खेळ्या सुचवत होते.

दुसऱ्या दिवशी महिपत शिडीवर चढला. त्यानं १९९३ लिहिलं, पुढं माझं नाव लिहिलं, आणि सवयीनं अर्धा कंस काढून विचारलं, "कंसात काय?"

बाबांनी खालून पाहिलं. उत्तम आलेला होता. भिवाजी होता. आवडाकाकी होती. कुणाची होडी, कुणाची शिफ्ट, कुणाचा ताप, काही राहिलं नव्हतं.

"पूस तो," बाबा म्हणाले. "सगली होती."